आधी आकडा वाचायचा

डॉक्टर मुळे गेल्याचं पोस्टकार्ड पिंपळीत माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांना जाऊन आठवडा झाला होता. त्यांच्या मुलीनं पुण्याहून चार ओळी लिहिल्या होत्या. शेवटची ओळ अशी... 'तुमची आठवण काढत असत.' माझा विश्वास बसला नाही. डॉक्टर कुणाची आठवण काढणाऱ्यातले नव्हते, आणि काढली तरी ते बोलून दाखवणाऱ्यातले तर मुळीच नव्हते. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांनी 'शाबास' म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. ओरडणं मात्र रोजचं होतं. कार्ड वाचून आधी राग आला, मग रडू आलं. आज महिना होत आला, म्हणून लिहायला बसलोय.

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत ते इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात होते आणि मी त्यांचा ड्रेसर. पट्ट्या बांधायच्या, बाटल्या धुवायच्या आणि बैल धरायचा, हे माझं काम. गावात त्यांना 'ढोरांचा डॉक्टर' म्हणत, तेही तोंडावर. पुण्यातले नातेवाईक तरी बरे म्हणावेत, तर त्यांच्या पंगतीत डॉक्टरांचं पान जरा लांब मांडलेलं असे, कारण ह्यांचे हात कुठं कुठं जातात ते सगळ्यांना ठाऊक. डॉक्टर हात स्वच्छ धुऊन त्या लांबच्या पानावर पोटभर जेवत. मला म्हणत, "माणूस दुखतंय कुठं ते खोटं सांगतो. जनावर सांगतच नाही. म्हणून निदान चुकलं तर दोष आपलाच." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटे.

त्यातल्या एका साली कळंबकडच्या एका गावात बुळकांडी शिरली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, आधी अंगात ताप भरतो, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. ताप भरतो तेव्हा जनावर वरून धडधाकट दिसतं, हाच त्यातला घात. आदल्या वर्षी याच गावात आम्ही सरसकट सगळ्यांना लस टोचली होती. ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनला होता ती जनावरं टोचल्यावर मेली, आणि गावानं सरळ हिशेब लावला की सुईनं मारली. यंदा गावानं देवीच्या म्हाताऱ्या देवऋष्याला विचारून स्वतःच उपाय ठरवला होता. वेशीला कडुलिंबाचं तोरण बांधायचं, मंगळवारी हलगी लावून सगळा कळप एका दमात त्याच्याखालून हाकायचा. तोंडाला तोंड, अंगाला अंग. डॉक्टरांना हे कळलं ते सोमवारी. त्यांनी दौंडहून छोट्या रेल्वेनं बारामतीला आलेल्या लसीच्या बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि उजाडता उजाडता आमची बैलगाडी वेशीवर उभी केली.

समोर काठ्या घेतलेली माणसं. मागं गुरांचा हंबरडा. हलगीवाला थांबेना. पाटील म्हणजे आबा, साठीचा उंच माणूस, तेवढा एकटा आमच्याकडून होता. आदल्या रात्री चावडीवर त्यानं शब्द टाकला होता, डाक्टरला एकदा बोलू द्या म्हणून. त्याच्या चुलतभावानं तिथंच सुनावलं, "आबा, सुईनं माझी दोन म्हसरं गेली. यंदा एक जरी मेलं तर डाक्टरची गाडी हितनं जाणार न्हाय." डॉक्टर गाडीतून उतरले, आवाज न चढवता म्हणाले, "तोरण राहू द्या. सगळी जनावरं तोरणाखालूनच जातील. फक्त एकेक. मी तिथं उभा राहून ताप बघेन. ताप नसेल त्याला लस आणि मारुतीकडच्या रानात. ताप असेल त्याला लस नाही, ते ओढ्यापलीकडं." लोक देवऋष्याकडं बघू लागले. म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "देवीला घाई न्हाय. एकेक जाऊ द्या." हलगी थांबली, पण काठ्या खाली आल्या नाहीत.

माझं काम होतं शेपटी उचलून थर्मामीटर लावायचा, आकडा वाचायचा आणि डॉक्टरांना सांगायचा; गुराला एकशे एक-दोनपर्यंत ठीक, त्यावर गेला की ताप. ते सुई भरत, माझ्या शब्दावर टोचत. पहिली पंधरा-वीस जनावरं नीट गेली. दोन गाई ओढ्यापलीकडं गेल्या, त्यांचे धनी कुरकुरले, पण गेले. मग आबानं आपला माणक्या आणला. पांढराशुभ्र खिलार, शिंगांना रंग, आठ गावांत तसा बैल नव्हता. मी थर्मामीटरची नळी काढून पाहिली... एकशे पाच. वर पाहिलं तर आबा माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्यामागं चुलतभाऊ काठी टेकून. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे एक. ठीक हाय." आज इतक्या वर्षांनी लिहितानाही कान गरम होतात. मला आबाची दया आली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

डॉक्टरांनी सुई भरली. माणक्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली. पलीकडं मारुतीच्या रानात गावाची तोवर निघालेली सगळी निरोगी जनावरं एकत्र उभी होती, आणि हा आता त्यांच्यात जाणार होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, थांबा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातली नळी घेतली. पारा अजून वरच होता. क्षणभर वाटलं, आता हा माणूस माझं नाव घेणार आणि मी इथंच मार खाणार. ते गर्दीकडं वळून म्हणाले, "चूक माझी झाली. नीट बघितलं नाही. बैलाला ताप आहे." गर्दीत एकदम गलका झाला. चुलतभाऊ पुढं आला, "ह्यांचं ह्यांनाच कळंना, अन् आमची गुरं ह्यांच्या हाती!" डॉक्टर जागचे हलले नाहीत. "आबा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या कानाच्या मुळाशी हात लावा. मग शेजारच्या खोंडाच्या लावा."

आबानं माणक्याच्या कानाला हात लावला. दुसऱ्या जनावराकडं तो गेलाच नाही. हात तसाच ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळीच कळलं हुतं मला. म्हटलं, तुमच्या नळीत येतंय का बगू..." आणि कासरा धरून तो स्वतः बैलाला ओढ्यापलीकडं घेऊन गेला. ज्यांनी पहाटे गोठ्यात कान चाचपले होते ते सगळेच खाली बघत असावेत. उरलेली जनावरं दिवस कलेपर्यंत एकेक करत गेली.

माणक्या पाचव्या दिवशी मेला. मारुतीच्या रानातली जवळजवळ सगळी जगली.

परतीच्या वाटेवर इंदापूरची वेस दिसू लागली. मी म्हणालो, "माझं नाव का घेतलं न्हाय?" ते म्हणाले, "घेतलं असतं तर त्यांनी तुला मारलं असतं, आणि पुढची जनावरं कुणी धरली असती?" बस, एवढंच. मग दवाखान्यापाशी गाडीतून उतरताना, "पारा कुणाचं तोंड बघून चढत नाही. उद्यापासून आधी आकडा मोठ्यानं वाचायचा, मालकाकडं मग बघायचं." दुसऱ्या दिवसापासून तसं केलं. एकदा जरी पुटपुटलो तर ओरडत, "मोठ्यानं!"

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला एस.टी.नं पुण्याला गेलो. नजर गेली होती, हात थरथरत होते. उशाखालून पितळी नळी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आत तोच थर्मामीटर. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील. म्हणाले, "वापरल्यावर पारा झटकत जा. विसरतोस तू."

परवा शेजारच्या गंगूबाईची म्हैस चारा खाईना. त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चालतं. तिनं मला बोलावलं. मी पितळी नळी घेऊन गेलो, थर्मामीटर लावला, काढला. गंगूबाई दाराशी उभी होती, म्हणाली, "काय न्हाय ना, तात्या?" काय न्हाय, हे शब्द माझ्या जिभेवर आलेच होते... मी मान वर केली नाही. मोठ्यानं वाचलं, "एकशे चार." आणि मग तिच्याकडं पाहिलं.