ताऱ्यांचं माहेर

शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, पंचवटीतून फोन होता. तुमचे मामा गेले." मी मान हलवली, खडू उचलला आणि उरलेला तास पूर्ण केला. काय शिकवत होते ते आता आठवत नाही. फळ्यावरचं अक्षर नेहमीसारखं सरळ आलं होतं, एवढं मात्र आठवतं. तेराव्याला जो तो मला सांगत होता, "तुझं नाव काढलं की चेहरा उजळायचा गं त्यांचा." खरंच होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच ऐकवत नव्हतं.

नव्वदच्या सुमाराला मी नांदगावहून अकरावीसाठी नाशकात आले ती अप्पामामाकडे. मामा सरकारी कचेरीत कारकून. मामा-मामींना मूल नव्हतं. पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. मी आले तेव्हा तो दुर्बिणीचा आरसा घासत होता. उलट्या पिंपावर काचेची जाड तबकडी, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली भुकटी. एक हात मागेपुढे न्यायचा आणि पिंपाभोवती पाऊल सरकवत राहायचं. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय घाणा चाललाय हा! बैल निदान तेल तरी काढतो!" मामा फिरता फिरताच म्हणायचा, "सुमे, मामीला सांग, या घाण्यातून आकाश निघणार आहे." पुढे तो दमला की मी फिरायचे. तो आरसा माझ्याही हाताखालून गेला आहे. हे मी पुढे कुठेच, कुणालाच सांगितलं नाही.

आरसा झाला आणि गच्चीवर शनिवार सुरू झाले. थंडीत, जेवणं उरकली की माणसं जमायची. शेजारची मुलं, दोन-तीन पुजारी, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. जिन्यात एकच बल्ब आणि त्याला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळलेला. पांढऱ्या उजेडातून वर आलं की बराच वेळ डोळ्यांना काही दिसत नाही. लाल उजेडात तसं होत नाही. गणपतीत आरास विकणाऱ्या दुकानातून मामा तो कागद दरवर्षी आणायचा, कारण बल्बच्या धगीनं तो विटून तपकिरी व्हायचा. वर आलेल्याला आधी नुसतं बसवायचा. "डोळे अंधाराला सरावू देत. गप्पा मारा, पण बॅटरी लावू नका." मग मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांखालचा तो पुसट ठिपका दुर्बिणीतून दाखवायचा. एकदा एक भाजीवाली डोळा लावून म्हणाली, "भाऊ, हे तर चुलीतल्या राखेवानी दिसतंय." मामा खूश झाला. "राखच म्हणा. पण मधोमध बघा, चार निखारे आहेत. हल्लीच जन्मलेले तारे. हा मेघ म्हणजे ताऱ्यांचं माहेर." त्या बाईनं लगेच विचारलं, "मग सासरी कधी जात्यात?" गच्ची हसली, मामाही हसला. त्याच्या त्या शब्दानं मी खगोलाकडे वळले.

पुण्याला शिकले, पदवी घेऊन परत आले, कॉलेजात लागले, लग्न झालं, नदीपलीकडे गंगापूर रोडला राहू लागले. दोन हजार साल उलटल्यावरची गोष्ट. एका वाचनालयात मामाचं व्याख्यान होतं, विषय तोच, ताऱ्यांचं माहेर. प्रमुख पाहुणी म्हणून मी व्यासपीठावर. त्यानं आपली जुनीच मांडणी केली: मेघ म्हणजे ऊब, मेघ म्हणजे कूस. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "माहेर वगैरे ठीक आहे, पण तुम्ही सांगता तसं ते नाही." जन्मात पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हटलं मी. मग समजावून सांगितलं. हे तरुण तारे प्रचंड तापलेले असतात. त्यांच्यातून अतिनील प्रकाश आणि वेगवान कणांचा वारा सुटतो, आणि ज्या वायूतून ते घडले तोच वायू ते तापवून दूर लोटतात. आतून पोकळ करतात. ज्यातून आणखी तारे झाले असते ते पार उडवून लावतात. "ते मेघाच्या कुशीत राहत नाहीत. ते त्याला पोखरतात." पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरांसारखंच की! बापाचं घर फुंकून मोकळे!" सभागृह खदखदलं. मीही हसले. मामा म्हणाला, "असं होय... मग दुरुस्त करायला हवं."

मी सांगितलं ते चूक नव्हतं, पण अर्धं होतं. त्याच वाऱ्यानं मेघाच्या कडा दाबल्या जातात आणि कधी कधी त्या दाबातून तिथे नवे तारे जन्मतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. हशा मिळाला होता, म्हणून मी तिथेच थांबले.

त्यानंतर मामा व्याख्यानाला उभा राहिला नाही. माझं तेवढ्यानं भागलं नाही. कॉलेजात मी आकाशदर्शन मंडळ काढलं, तेही शनिवारीच. दुसरा वार घेता आला असता. आमच्याकडे विकतची, आपोआप फिरणारी दुर्बीण होती, कॅमेरा होता. डोळ्याला राखेसारखा दिसणारा मेघ फोटोत लालभडक यायचा. मामाच्या गच्चीवरची मुलं आधी चौकशीला आली, मग माझ्याकडेच येऊ लागली. त्यातला एक म्हणाला, "अप्पांकडे सगळं करडंच दिसतं, ताई." मी म्हटलं, "त्यांचा आरसा जुना झालाय."

मामी गेल्यावर मी सणावारी जायचे, तेही दिवसा. निघताना मामा एवढंच म्हणायचा, "एखाद्या शनिवारी ये की." मी म्हणायचे, "बघते." शेजारच्या शैलाकाकू आता सांगतात की शेवटच्या थंडीपर्यंत दर शनिवारी तो सतरंजी वर न्यायचा. त्यांनी विचारलं होतं, "कोण येणार आहे, अप्पा?" तो म्हणाला होता, "डोळे सरावायला वेळ लागतो."

परवा भेटायला आलेल्या एक बाई मला समजावत होत्या: तुम्ही त्यांच्यामुळेच घडलात, त्यांचंच काम पुढे नेलंत. त्यांना मी चहा दिला. मला ही समजूत नको आहे. वायू दूर लोटताना ताऱ्याला काही कळत नसतं. मला कळत होतं.

मालकांना खोल्या रिकाम्या हव्या होत्या, म्हणून गेल्या रविवारी गेले. संध्याकाळ झाली तशी गच्चीचं दार लावायला जिन्यात आले आणि सवयीनं बटण दाबलं. वाटलं होतं, बल्ब उघडा असेल, फार तर एखादी तपकिरी चिंधी लोंबत असेल. बल्ब लागला. कागद नवा होता. यंदाच्या गणपतीतला, लालभडक. सगळा जिना लाल झाला. मी पायरीवर बसून राहिले.