सुनंदा आणि सातवं कलम

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिचंच एक पत्र दुरुस्त करत होते. रविवारची सकाळ होती, पत्र मी घरी आणलं होतं. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाला कळवायचं होतं की यंदा तुम्हाला मानांकन देता येत नाही, आणि तिने ते आपल्या सवयीने, मावशीने भाचीला लिहावं तसं, चार ओळींत लिहून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी त्यातलं 'बरं का' खोडलं आणि फोन वाजला. आमच्या ऑफिसमधल्या कदमबाई होत्या. "मॅडम, सुनंदामॅडम गेल्या हो... चहा ठेवला होता म्हणे गॅसवर, नि खुर्चीतच..." पुढे त्यांना बोलवेना. मी पेनाला टोपण लावलं. त्यानंतर हा लेख लिहायला बसेपर्यंत सहा आठवडे गेले, कारण एक गोष्ट सांगायची की नाही हे ठरत नव्हतं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. इथेही ही माझ्या आधी पोचली, असं मला वाटलं.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मला उत्तरं यायची आणि तिला प्रश्न सुचायचे. शिक्षकांच्या लक्षात तीच राहायची. पुढे मी चिंचवडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. ती समाजशास्त्र शिकवत चार गावं फिरली, दिल्लीला राहिली, आणि पन्नाशी उलटल्यावर मोशीत घर घेऊन परत आली. त्याच सुमारास एक योजना आखली जात होती. विद्यापीठं आणि महाविद्यालयं भोवतालच्या समाजाबरोबर जे काम करतात ते पारखायचं आणि खऱ्या कामाला देशपातळीवर मानांकन द्यायचं, अशी. तिची मार्गदर्शिका मी लिहिली. निकष काय, पुरावा कशाला म्हणायचं, अर्ज कसा वाचायचा, याची एकेक ओळ माझी. दोन वर्षं लागली. मग योजनेचा प्रमुख नेमायची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "मार्गदर्शिका विजयाबाईंनी फारच उत्तम लिहिली आहे," आणि प्रमुखपद सुनंदाला दिलं. बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. "विजू, तू बरोबर नसलीस तर मी हे घेत नाही. मला फायली वाचता येत नाहीत, तुला ठाऊक आहे." मी हो म्हटलं. ती मनापासून बोलत होती, आणि तेच मला सोसलं नाही. ती खोटं बोलली असती तर मला तिचा रागराग तरी करता आला असता.

तिला फायली खरोखरच वाचता येत नव्हत्या. अर्ज यायचे ते जाडजूड. रंगीत फोटो, दत्तक गावांच्या याद्या, सरपंचांची पत्रं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, समासात पेन्सिलीने खुणा करायची. ती फाईल हातात घेऊन नुसती जोखायची, खाली ठेवायची आणि पाहणीला निघायची. तिथे कुलगुरूंचं सादरीकरण चालू असताना पाणी प्यायच्या निमित्ताने उठून ती गाड्या उभ्या असतात तिकडे जायची. गावाला जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर गाठायचा, हा तिचा नेम होता. एकदा मी बरोबर होते. तिने विचारलं, "काय हो दादा, गावात गाडी किती वेळा जाते?" तो आधी इकडेतिकडे बघून म्हणाला, "खरं सांगू का मॅडम? वर्षातून दोनदा. एकदा झाडं लावायला, आन् एकदा त्याच खड्ड्यात परत लावायला." सुनंदा एवढी हसली की तोही हसायला लागला. मग तिने त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी केली. माझ्या तीनशे पानांच्या वाचनातून जे निघालं नसतं ते तिला त्या पाण्याच्या टाकीजवळ उभ्याउभ्या मिळालं. परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, "याला पुरावा म्हणत नाहीत." ती म्हणाली, "बरं, मग तू पुरावा शोध. काय शोधायचं ते आता कळलं ना?" पुरावा मला सापडला. पान दोनशे अकरावर, डिझेलच्या नोंदीत. वाचणारीचा आनंद मला तेव्हाही मिळू शकला असता. पण तिच्या मागून मिळालेली वस्तू मला कधी गोड लागली नाही.

आता शनिवारच्या खोलीबद्दल सांगायला हवं. ग्रंथपाल असताना चाकणजवळच्या एका गावात मी नऊ वर्षं दर शनिवारी जात असे. गावातल्या जुन्या शेतकरी घरांनी आपल्या जमिनीत खोल्यांच्या रांगा बांधून त्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिल्या आहेत. नांदेड, परभणी, बुलढाणा, कुठूनकुठून माणसं येतात. त्यांच्यापुढे सतत कुठला ना कुठला अर्ज असतो. मुलाचा शाळेतला दाखला, कंत्राटदार बदलला की पीएफ, बँकेचं खातं, रेशन. एका घरमालकाने मला रिकामी खोली दिली, मी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन जायची आणि आम्ही अर्ज भरून द्यायचो. खरं म्हणजे मीच भरायची. विद्यार्थी खाडाखोड करायचे, माझं अक्षर बरं होतं, हात जलद चालायचा. माणूस समोर बसला की चार मिनिटांत कागद तयार. सुनंदा तिथे फार तर सहा-सात वेळा आली असेल. ती चहा घ्यायची, बायकांशी गप्पा मारायची, आणि पुढच्या शनिवारी सगळ्या मला विचारायच्या, "त्या हसऱ्या बाई न्हाई आल्या व्हय?"

मी निवृत्त झाले, सुनंदाच्या ऑफिसात बसू लागले, आणि दोन वर्षांनी आमच्या कॉलेजचा अर्ज आला. त्यात शनिवारची खोली होती. माझी नऊ वर्षं होती. नियमाप्रमाणे मी तो अर्ज वाचू शकत नव्हते, बैठकीत बसू शकत नव्हते. पण मला ते मानांकन हवं होतं, आयुष्यात दुसरं काही इतकं हवं झालं नव्हतं. भिंतीवर कॉलेजचं नाव लागलं असतं आणि ते कुणामुळे लागलं हे सगळ्यांना ठाऊक असतं... पाहणीला सुनंदा स्वतः गेली. संध्याकाळी परत आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. "विजू, खोलीला कुलूप आहे. दीड वर्षापासून."

"विद्यार्थी जातात की तिथे," मी म्हणाले.

"शिबिराला जातात. शाळेचं कुंपण रंगवतात आणि येतात. खोली बंद आहे. तू गेलीस आणि ती बंद पडली."

"म्हणजे मी नऊ वर्षं केलं ते काम नव्हतं?"

"काम होतं. तुझं होतं, कॉलेजचं नव्हतं." मग तिने मार्गदर्शिका उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "सातवं कलम. ज्यांनी सुरू केलं ते गेल्यावरही चालू असेल तरच मानांकन. हे तूच लिहिलंस ना गं? मी तर तेव्हा म्हणत होते, एवढं कडक नको."

तिने खरंच तसं म्हटलं होतं. मीच हटून बसले होते.

त्या दिवसापासून मी तिला 'अहो सुनंदाबाई' म्हणू लागले. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला दुसरी शिक्षा मला येत नव्हती. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती वळून मागे बघायला लागली, कुणी आलंय का म्हणून. नंतर तिला कळलं. पण ती मला 'अगं विजू'च म्हणत राहिली. एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर, वर्षभर आमचं असं चाललं. शनिवारी एक वाजला की ती पिशवी उचलून निघायची. चऱ्होलीला तिची बहीण असते, तिच्याकडे जात असेल असं मी धरून चालले. विचारलं नाही. 'अहो' म्हटल्यावर माणसाला असलं काही विचारता येत नाही.

शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. कुठकुठली माणसं आली होती. तीन विद्यापीठांचे ड्रायव्हर तर मी स्वतः पाहिले. एकेक जण उठून सांगत होता की बाईंनी आमच्याकडे येऊन काय विचारलं होतं. मी मागे भिंतीशी बसून खुर्च्या मोजत होते, आणि माझ्यासाठी किती लागतील याचा हिशेब करत होते. हे लिहिताना लाज वाटते. पण तिच्याबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं, तर मग मी कुणाबद्दल लिहिते आहे?

नवा प्रमुख नेमेपर्यंत काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या कॉलेजचा अर्ज पुन्हा येऊन पडलेला दिसला. मी फाईल उघडली नाही. वर लावलेला फॉर्म तेवढा ओढला. अर्जदाराशी ज्याचा संबंध असेल त्याने तो सांगून बाजूला व्हायचं, त्यासाठी तो फॉर्म असतो. माझं नाव लिहायला गेले तर वरच्या ओळीत सुनंदाची सही. संबंध: 'शनिवारी तिथे जाते.' एवढंच. तिच्या खाली मी सही केली आणि फाईल बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवली. निकाल अजून लागायचा आहे, आणि त्यात मला मत नाही.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी चाकणची बस धरली. खोली उघडी होती. दारात चपला होत्या. कॉलेजच्या वाणिज्य विभागातल्या एक तरुण प्राध्यापिका आणि चार विद्यार्थिनी आल्या होत्या, पण त्या कडेला. टेबलाशी गावातलीच एक बाई बसली होती, मंगल नावाची. मागच्या रांगेतल्या खोल्या तिच्याच घरच्या. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशाचा अर्ज, काकू? बसा, नंबर येतोय." मी म्हटलं, अर्ज नाही. सुनंदाबाईंची मैत्रीण आहे.

"अगं बाई!" ती उठून उभी राहिली. "चहा ठेवते. वर्सभर आमाला शिकवलं त्यांनी. आधी म्हणं हितं कोन बाई यायच्या, पार झटक्यात अर्ज भरायच्या. आमी तवा शेतावर असायचो, आमाला काय म्हाईत."

मी त्या बाई कोण ते सांगितलं नाही. बसले. माझ्याजवळ परभणीकडची एक बाई मुलाच्या शाळेचा अर्ज लिहीत होती. आडनावाच्या दुसऱ्याच अक्षरावर ती अडली होती, पेन कागदाच्या वर धरून. मला बघवेना. मी हात पुढे केला. "द्या इकडे, मी लिहिते."

"न्हाई न्हाई काकू," टेबलाकडून मंगल ओरडली. "पेनाला हात लावायचा न्हाई. ज्याचा अर्ज त्याचं पेन. सुनंदाबाईंचा नियम हाय."

सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला, कारण तो नुसता मांडीवर राहीना. हेवा वाटला. अजून वाटतो. नऊ वर्षांत हा एवढासा नियम मला का सुचला नाही...

परभणीच्या बाईचा अर्ज पुरा व्हायला पाऊण तास लागला. सही करून तिने कागद माझ्याकडे फिरवला. "बघा बरं, ताई. बरोबर आहे का?"

तालुक्याच्या रकान्यात जिल्हा लिहिला होता. मी बोटाने दाखवलं. तिने वाचलं, जीभ चावली आणि स्वतःच खोडलं.