साडूंचं इगतपुरी स्टेशन

नाशकात आत्ता किती वाजलेत हे सांगणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात इगतपुरी स्टेशनात कोणती गाडी, कोणत्या इंजिनासकट, किती डब्यांनिशी उभी होती हे छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पंचाहत्तरी उलटलेली, उंची बेताची, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला. राहायला इंदिरानगरला, पण असतात इगतपुरीला. त्यांच्या घरी जाऊन "साडू कुठे आहेत?" असं विचारलं की आमची मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, हातातली भाजी निवडणं न थांबवता सांगते, "स्टेशनवर." मग आपण मुकाट्याने मागच्या खोलीकडे वळायचं.

ही मागची खोली पूर्वी मुलाच्या अभ्यासाची होती. मुलगा शिकून जर्मनीला गेला आणि त्याच्या पलंगाच्या जागी एक भलंमोठं फळकूट आलं. त्या फळकुटावर साडूंनी इगतपुरी स्टेशन बांधलं आहे, खऱ्याच्या बरोबर शहात्तराव्या हिश्शाचं. रूळ, सिग्नल, इंजिनाला पाणी पाजायचा नळ, मागे घाटाचा डोंगर, सगळं आहे. तेव्हा मुंबईहून घाट चढून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन इगतपुरीला काढायचे आणि पुढच्या प्रवासाला कोळशाचं लावायचे. तोच सोहळा या खोलीत रोज सकाळी आंघोळीनंतर होतो, देवपूजेच्या वेळेला आणि देवपूजेच्या ऐवजी. तेव्हाच्या रेल्वेला लोक 'कंपनी' म्हणत. साडू अजूनही म्हणतात, आणि तेही असं की जणू काल संध्याकाळीच कंपनीच्या साहेबाशी त्यांचं बोलणं झालंय. "कंपनी असले दिवे वापरत नव्हती," असं एकदा ते आमच्या हॉलमधल्या नव्या दिव्यांकडे बघून म्हणाले होते. आमच्या हिने तो टोमणा समजून आठ दिवस मनात ठेवला.

आता अडचण अशी की जगात खेळण्यातल्या आगगाड्या करणारे कारखाने पुष्कळ, पण त्यातल्या एकालाही आपल्या घाटातल्या त्या जुन्या कंपनीची गाडी करावीशी वाटलेली नाही. (साडूंसमोर 'खेळणं' म्हणायचं नाही. प्रतिकृती म्हणायचं. ताई मुद्दाम खेळणंच म्हणते.) मुलगा जर्मनीहून पहिल्यांदा आला तेव्हा बापासाठी हौसेने एक इंजिन घेऊन आला. काळंभोर, चकचकीत, चाकन् चाक फिरणारं. साडूंनी ते दिव्याखाली धरून पाच मिनिटं न्याहाळलं, मग पुढच्या लोखंडी फाळावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मुलगा म्हणाला, "बर्फ बाजूला सारायला." साडू म्हणाले, "आपल्या घाटात बर्फ कधी पडला होता?" तेव्हापासून मुलगा चॉकलेटं आणतो. परदेशी जाणाऱ्या कुणाच्याही घरी साडू हातात कागद घेऊन हजर होतात. लोक लोणच्याच्या बरण्या द्यायला येतात, हे इंजिनाच्या बफरचं माप द्यायला जातात. शेवटी इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचा त्यांना शोध लागला, जो निव्वळ हौसेखातर घरी बसून याच कंपनीचे डबे करत होता. दोघांचा वर्षभर पत्रव्यवहार चालला. मला वाटलं, जमली जोडी, आता सुखदुःखाच्या गोष्टी होत असतील. एकदा पत्र वाचायला दिलं तर तीन पानं नुसती दरवाज्याच्या कड्यांवर.

ते चार डबे आले, तर खिडक्यांना झडपा नाहीत. इंग्रजाला काय माहीत आपल्याकडचं ऊन? मग साडूंनी झडपा स्वतः करायला घेतल्या, आणि त्यासाठी त्यांना सापडला लग्नपत्रिकेचा कागद. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाचंही लग्न निघालं की मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, यातलं एक अक्षर त्यांना माहीत नसतं. पत्रिका बोटात धरून ते एवढंच म्हणतात, "चांगली आहे. वाकत नाही." एका लग्नात तर वधूपित्याला भेटून आणखी सहा पत्रिका मागितल्या. तो बिचारा गहिवरला. रुळांखालच्या खडीसाठी खरे दगड बारीक करून पाहिले, पण ते मनासारखे दिसेनात, म्हणून ताईच्या डब्यातली नागली, म्हणजे नाचणी, नेऊन पसरली आणि वर डिंक शिंपडला. दिसायला अगदी हुबेहूब. चौथ्या दिवशी मुंग्यांनी मालधक्क्यापासून सिग्नलपर्यंत रांग लावली आणि मेलगाडी दीड तास बाहेर उभी राहिली. ताईने लक्ष्मणरेषा ओढायचा खडू पुढे केला, तर म्हणाले, "पांढरी रेघ त्या काळात नव्हती." माणसांकडेही ते असेच बघतात. मला एकदा आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही बावीस मिलिमीटर. चप्पल काढून." त्या दिवशी मला आपण किती क्षुल्लक आहोत ते प्रथमच नेमकं कळलं.

हसतो आम्ही सगळे, पण यामागचं कारण माहीत असल्यामुळे फार हसवत नाही. साडूंचे वडील इगतपुरीला सांधेवाले होते. हातात झेंडी घेऊन सांधा बदलायचा आणि इंजिनं काढायची-लावायची, हे त्यांचं काम. साडू एक वर्षाचे असताना आठ दिवसांच्या तापात ते गेले. फोटो नाही, वस्तू नाही. आई सांगायची, "तू झालास तेव्हा आपल्याला इगतपुरीला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती." बस, बापाचं चरित्र एवढंच. साडूंनी त्यावरून वर्ष मोजलं, हिवाळा ठरवला, आणि वडिलांनी इगतपुरीत पाय ठेवला त्या वेळचं स्टेशन जसंच्या तसं उभं करायचं असा निश्चय केला. इंजिनाचे नंबर, डब्यावरची अक्षरं, कंदिलाची काच, सगळं त्या एका हिवाळ्याचं. आदलं नाही, नंतरचं नाही. वीस वर्षं त्यात गेली.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस शिल्लक आहे, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. आम्ही त्यांना अक्काच म्हणतो. घोटीला मुलाकडे असतात. तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या. सालबिल काही लक्षात नाही, पण वडिलांचा डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर जायच्या ते लख्ख आठवतं. डब्यांच्या रंगासाठी साडूंनी घोटीच्या किती चकरा मारल्या असतील याची गणती नाही. अक्का म्हणाल्या, "लाल व्हता." हे कुंकू घेऊन गेले. नाही. गेरू घेऊन गेले. तोही नाही. शेवटी अक्का वैतागून म्हणाल्या, "अरे बाळू, पान खाऊन थुंकल्यावर असतो ना, तसा. पन आजचा नाय, कालचा." घरी आल्यावर हा माणूस ताईला रोज एक विडा खायला लावून मागच्या अंगणात रंगाचं निरीक्षण करत बसला. पण रंग जमला. अक्कांनी रंगवलेली पट्टी हातात घेतली आणि पदराला पुसून परत दिली. एवढ्यावर साडू महिनाभर खूश होते.

पुढे अक्कांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत जे दाखवायचं ते दाखवून घ्या. साडूंनी जेवणाची वेळसुद्धा सोडली. अक्कांना स्टेशन दाखवायचं, एवढं एकच डोक्यात. गणपती उठले तेव्हा सगळं तयार होतं. सगळ्यात शेवटी त्यांनी सांध्याजवळ एक माणूस उभा केला. हातात हिरवी झेंडी. त्याचा चेहरा मात्र कोरा ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाले, "अंदाजाने बाप कसा करायचा? अक्का सांगेल तसा रंगवीन."

इथे मी नको तिथे तोंड घातलं. पितृपक्षात मी पंचवटीत आमच्या उपाध्यांकडे गेलो होतो. या मंडळींकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारा प्रत्येक जण त्यात आपलं नाव, गाव, घराणं लिहून जातो. मी सहज साडूंना म्हणालो, "तुमच्या आजोबांच्या अस्थी इथेच आणल्या असतील. वडिलांचं अक्षर तरी बघायला मिळेल." ज्या माणसाने जन्मात कधी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बुडी मारली नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला माझ्या दारात उभा. चार दारं हिंडल्यावर त्यांच्या गावाचे उपाध्ये सापडले. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबलचक वही मांडीवर घेतली आणि पानं उलटता उलटता थांबले. "हे घ्या. तुमचे तीर्थरूप." किरटं, उजवीकडे कललेलं अक्षर. साडूंनी त्यावरून बोट फिरवलं नाही, नुसतं वर धरलं. मग वाचायला लागले. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि खाली: 'हल्ली मुक्काम मनमाड. रेल्वेत सांधेवाला.' गुरुजींनी शक बघून हिशेब सांगितला. पौष महिना, स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यातला.

आईने 'दोन-तीन वर्षं' म्हटलं होतं. आपण सगळेच म्हणतो, दोन-तीन दिवस, दोन-चार माणसं. पण साडू पडले नेमके. त्यांनी तीन धरली. झाली होती दोनच. वीस वर्षं खपून उभ्या केलेल्या त्या स्टेशनात त्यांचे वडील नव्हतेच.

परतताना रिक्षात, गाडगे महाराज पुलावर मी धीर करून म्हणालो, "साल बदलून टाका. कुठे लिहिलंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "लिहिलेलं नाही, पण तसं आहे ना," म्हणाले. सगळं बदलायचं म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि अक्कांच्या डोळ्याकडे महिना-दीड महिना. मला माझ्या जिभेचा इतका राग कधी आला नव्हता. मी ताईला सांगितलं, अक्कांना काही बोलू नका म्हणावं, त्यांना काय कळणार आहे? ताई म्हणाली, "ते तसे नाहीत रे." त्या संध्याकाळी साडूंनी सांध्याजवळचा माणूस उचलला आणि काड्यापेटीत घालून ठेवला.

दसऱ्याच्या आधी अक्का आल्या. मुलाने गाडीतून उतरवून दारापर्यंत सोडलं, पुढे साडूंनी हात धरला. आम्ही मागे. फळकुटापुढे खुर्ची ठेवली होती. अक्का बसल्या, मान वाकडी करून उरलेला डोळा पुढे आणला, आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या. पाण्याच्या नळापाशी थांबल्या. "हितं मी पडले व्हते," म्हणाल्या. डब्यांच्या रंगाकडे बघून हसल्या. मग सांध्याजवळ आल्या आणि तिथेच बराच वेळ राहिल्या.

"बाबा कुठं?"

साडू खुर्चीजवळ खाली बसले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, शाळेत गणित चुकल्यासारखा खाली मान घालून सांगायला लागला. "अक्का, माझं चुकलं. मी एक वर्ष आधीचं स्टेशन केलं. या हिवाळ्यात बाबा इथे नव्हते, मनमाडला होते. वही बघून आलो. आता बदलायला वेळ नाही. तुला दाखवायचं होतं आणि तेवढंच राहिलं." म्हणता म्हणता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ताईने पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडे बघत होतो.

अक्कांनी चाचपून भावाच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हंजी यायचे हायेत अजून," म्हणाल्या. "मग रडतोस कशाला? मनमाडकडची गाडी सोड."

साडू उठले, डोळे पुसले आणि कळ दाबली. डोंगराच्या विरुद्ध बाजूने ती कालच्या विड्याच्या रंगाची गाडी हळूहळू आली आणि प्लॅटफॉर्मला लागून उभी राहिली. अक्का खुर्चीच्या कडेवर सरकून, गळ्याशी पदर धरून, एकेका दारातून कोण उतरतंय ते बघत राहिल्या.