त्या दिवशी प्रार्थनेचा नंबर माझा होता

मी कळंब तालुक्यातला. हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला शेवटचा हिवाळा उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर काढला. आम्ही आठ जण होतो. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, सातला चहा, साडेसातला प्रार्थना. पलटणीचे धर्मगुरू खाली बेसवर. म्हणून रेशनच्या खोक्यांवर फळी टाकून सगळ्यांचे देव एका ओळीत मांडले होते. माझे बुद्धही त्यातच. रोज एकाचा नंबर. ज्याचा नंबर त्याची प्रार्थना, बाकीच्यांनी हात जोडून उभं राहायचं. सुभेदारसाहेब शीख, पण माझ्या त्रिशरणाला त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

लान्स नाईक उत्तम राठोड महागावकडच्या बंजारा तांड्यावरचा. एका जिल्ह्याचे म्हणून आमचं जमायचं, आणि म्हणूनच वाजायचंही. एका संध्याकाळी स्टोव्हला पंप मारता मारता तो म्हणाला, "दादा, तुमच्या प्रार्थनेत देवच नाई. मंग आयकते कोन?"

"तुही देवी तरी कोनाचं आयकते? तांड्याबाहेर तिचं नावबी कोनाले मालूम नाई."

"तिले आपलं नाव मालूम हाये ना," तो हसून म्हणाला. मी मात्र चिडूनच झोपलो.

सकाळी उत्तम उठला तोच छातीत घरघर घेऊन. फुप्फुसात पाणी भरत होतं. उंचीवर हे होतं, आणि इलाज एकच, ताबडतोब खाली नेणं. ऑक्सिजन लावला. ०७१० वाजता मी वायरलेस सेट उचलला.

"बेस, पोस्ट टू. एक कॅज्युअल्टी, सीरियस. चॉपर चाहिए. ओव्हर."

"पोस्ट टू, मौसम बंद है. इंतजार करो. ओव्हर."

साडेसात वाजले. नंबर माझा होता. सुभेदारसाहेब म्हणाले, "आज राठोडवाली पढ़ दो."

मला उत्तमच्या प्रार्थनेचा एक शब्द येत नव्हता. इतके दिवस शेजारी हात जोडून उभा राहिलो, पण कान देऊन कधी ऐकलंच नाही. त्याची लाज अजून वाटते. उत्तमनं मास्क बाजूला केला.

"नंबर तुमचा हाये, दादा. तुमचीच म्हना."

म्हटली. 'भवतु सब्ब मंगलं'पर्यंत पूर्ण म्हटली.

"आयकलं म्या," तो म्हणाला.

०९२० वाजता तो गेला. ०९४० ला आभाळ उघडलं, ०९५५ ला चॉपर उतरलं.

"रब ने सुन ली, पर देर से," सुभेदारसाहेब म्हणाले.

कोणी ऐकलं? मी तर कोणाला हाकच मारली नव्हती. आणि ऐकणारा होताच, तर तो इतका वेळ काय करत होता? मी नावं ठेवली म्हणून उत्तमची देवी रुसली, असंही मनात आलं. जिला मी मानत नाही तिचा मला राग कसा येतो, तेही कळेना.

पार्थिव घेऊन तांड्यावर मीच गेलो. त्याच्या आईला तो याडी म्हणायचा, मीही तेच म्हटलं. तिला सगळं सांगितलं, आमच्या भांडणासकट.

"याडी, त्याची प्रार्थना मले येत नोती. माही म्हटली. चुकलं काय?"

तिनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "कोनाले म्हटली?"

"मालूम नाई."

"उत्तमनं आयकली ना?"

"हो."

"मंग माह्यं काई म्हननं नाई."

तिचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही. दरवर्षी त्या तारखेला मी तांड्यावर जातो. साडेसातला याडी उत्तमचीच प्रार्थना म्हणते. आता मलाही ती पाठ आहे, पण कोणाला म्हणतो ते माहीत नाही. नंतर मी सावधान उभा राहून हजेरीला पुकारायचो तसं पुकारतो, "लान्स नाईक उत्तम राठोड."

याडी म्हणते, "हाये."