बुडालेल्या जहाजातलं नाणं आणि घाटनांदूरची चिंच

समुद्रातली नाणी जमवणारी बाई समुद्राकडे पाठ करून बीड जिल्ह्यात निघाली, हे ऐकून नवऱ्याला हसू आवरेना. "घाटनांदूरला बंदर कधी झालं?" असं विचारत त्यानं गाडीची चावी मात्र उचलली. वाटेत सीताफळं मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बुडालेल्या जहाजांतून वर काढलेली नाणी रीतसर विकत मिळतात. पण बहुतेक घासूनपुसून, प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन येतात. मला कधीपासून हवं होतं ते न धुतलेलं, अंगावर समुद्र तसाच असलेलं नाणं. तसं एक महादेवअप्पांनी आमच्या नाणेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अप्पांचं घाटनांदूरला किराणा दुकान आहे. त्यांचे मेव्हणे पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होते, त्यांनी परदेशातल्या बंदरावरच्या दुकानातून ते आणलं होतं. फोटोत एक काळाकुट्ट, वेडावाकडा तुकडा आणि त्याच्या कडेला घट्ट चिकटलेला इवलासा शिंपला होता. तो शिंपला पाहिला आणि मी विरघळलेच.

"अप्पा, मी घेते. फक्त आहे तसं राहू द्या, कुणी हात लावू नका," मी फोनवर सांगितलं.

"न्हाई लावत, ताई. तुमी या तर खरं."

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालो. बीडपर्यंत रस्ता चौपदरी आणि झकास आहे, टोलसाठी फास्टॅग भरलेला ठेवा. गेवराईच्या अलीकडे गोदावरी ओलांडली आणि पलीकडे चहा-पोहे झाले. मांजरसुंब्याला वळल्यावर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्याच पाट्या होत्या. नवऱ्यानं एक पाटी घेतली आणि केजपर्यंत गाडी चालवायला मला बसवलं, कारण त्याचे दोन्ही हात चिकट झाले होते. तिथून पुढे सोयाबीनच्या ट्रॅक्टरांमागून हळूहळू जावं लागतं, तेव्हा घाई ठेवू नका. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि मुक्कामही तिथेच केला. लॉज साधा पण स्वच्छ होता. रात्री जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि असा झणझणीत झुणका, की नवऱ्यानं पाण्याचे दोन तांबे रिचवले.

सकाळी घाटनांदूरला पोचलो. दुकानामागेच घर. अप्पांच्या बायकोनं, शकुंतलामावशींनी, पाणी दिलं, चहा दिला आणि मग पितळी ताटलीत ठेवून नाणं पुढे केलं.

ते लखलखत होतं.

"काल सांच्याला चिंचंच्या पाण्यात टाकलं, सकाळी राखंनं घासलं," मावशी खुशीत म्हणाल्या. "पाव्हण्याम्होरं असं काळंकुट्ट कसं ठिवावं? बघा, फुल्ली बी दिसाया लागली."

फुल्ली म्हणजे नाण्यावरचा क्रूस. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे पाहू लागले. हात लावू नका हा निरोप त्यांनी घरात दिलाच नव्हता. आणि दिला असता तरी काय? पाहुणे येणार म्हटल्यावर या घरात समयासुद्धा घासून निघतात. मला रडावं की हसावं कळेना. नवऱ्याला मात्र कळलं होतं, तो खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

पण मावशींचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या नाण्याकडेच बघत होत्या. "ताई, खरंच चांदी हाय का ही?"

मग हकिगत कळली. हे नाणं जहाजावरच्या त्या भावानं, नागनाथमामांनी, त्यांना भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घातलं होतं. बुडालेल्या जहाजातली चांदी आहे, असं ते सांगत होते. मामा पहिल्यापासून थट्टेखोर, मावशींना ते पटलं नाही.

"चार माणसांत म्हणलं मी त्याला, बहिणीच्या ताटात लोखंड टाकलंस व्हय? आन् ते बी बुडालेलं! तवापासून भाऊबीजंला आला न्हाई तो. फोन करतो, पर येत न्हाई."

आता सगळं माझ्या उत्तरावर होतं, आणि खरं सांगते, मला लोभ सुटला होता. घासलेलं का होईना, नाणं देखणं होतं. अप्पा तर ओशाळून "काय द्यायचं ते द्या, घेऊन जा," म्हणत होते. पण मावशी ज्या आशेनं विचारत होत्या, त्यापुढे खोटं बोलणं जमेना.

"चांदीच आहे, मावशी. तुमचा भाऊ खरं बोलत होता."

त्यांनी नाणं मुठीत धरलं ते धरलंच. डोळ्याला पदर लावला आणि लगेच उठून धपाटे थापायला घेतले. मामांचं आता गेवराईजवळ हायवेला छोटं हॉटेल आहे. तिथे डबा पोचवायचं काम आमच्याकडे आलं. निरोप एवढाच होता, यंदा ये.

आणि शिंपला? चिंचेचं पाणी जास्वंदीच्या आळ्यात ओतलं होतं. मी तिथेच फतकल मारून चिखल चाळला. नवरा फोटो काढत होता. शेवटी सापडला, चिंचेनं त्याची एक कड खाल्लेली.

गेवराईला मामांनी डब्याचं झाकण उघडलं आणि वासावरूनच ओळखलं. "अक्कानं केलेत?" मी निरोप सांगितला आणि फोनमधलं चकचकीत नाणं दाखवलं, तसा त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं आई! धुतलं? सगळी मजा त्या काळ्यातच हुती की!" मग खूप हसले. डोळे पुसत म्हणाले, "कावून न्हाई जानार? जातो की." आमच्याकडून जेवणाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

घरी आल्यावर माझ्या संग्रहात नाण्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या डबीत तो कड गेलेला शिंपला ठेवला, जास्वंदीच्या मातीसकट. बघायला येणाऱ्यांना आधी त्याचीच गोष्ट सांगते. नाणं हुकल्याची चुटपुट होती, नाही असं नाही.

दिवाळीत अप्पांनी एक फोटो पाठवला. मामा टोपी घालून पाटावर बसलेत, मावशी ओवाळताहेत आणि ओवाळणीच्या ताटात निरांजनाशेजारी ते नाणं ठेवलंय. खाली अप्पांनी लिहिलं होतं, "ताई, आता ती कुणालाच हात लावू देत न्हाई."