छपरावरून हाजिर

बेलवलीचा हरिचंद्र कौलं शाकारायचा. मी त्याला खालून कौलं द्यायचो. फुटकी काढायची, कौलांखालच्या कुजक्या लाकडी रिपा बदलायच्या, पुन्हा ओळ धरायची. पाऊस कुणासाठी थांबत नाही, म्हणून काम थांबवता येत नाही.

शहाऐंशीच्या एप्रिलात उल्हासनगरच्या जुन्या कोर्टाचं काम निघालं. कोर्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी बराक. जाड वीटभिंती, पुढे लाकडी खांबांचा लांब व्हरांडा. सैनिक गेले, मग फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं राहिली. त्यांच्या चुलींनी वरचे वासे काळे केले होते. नंतर कोर्ट आलं. प्लायवूडचे आडोसे घालून खोल्या पाडल्या. वर छत नाही, थेट कौलं. खालचा शब्द वर यायचा.

हरिचंद्रचा दावाही तिथेच होता. त्याच्या बापाच्या घरजागेला चुलतभाऊ जनूने कुंपण घातलं होतं. मागच्या तारखेला हरिचंद्र आला नव्हता. वकिलाने बजावलं होतं, "या वेळी पुकाऱ्याला नसलास तर दावा निकालात काढतील. जागा गेली समज."

तारखेच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या शेजारच्या खोलीवर काम करत होतो. चंदू शिपायाने व्हरांड्यात, रिवाजाप्रमाणे रस्त्याकडे तोंड करून, तीनदा नाव पुकारलं. वर हरिचंद्र रिपेला खिळा ठोकत होता. हातोडा थांबला तेव्हा आतून न्यायाधीश साहेबांचा आवाज आला, "वादी गैरहजर."

शिडी पार मागच्या टोकाला. हरिचंद्रने फटीला तोंड लावलं.

"हाजिर हाय, सायब!"

"कोण ते?"

"वादी! वर हाय मी!"

कोर्ट हसलं. जनू म्हणाला, "काय रं हऱ्या, आभालातनं बोलतंस? देव झालास काय?"

"खाली या," साहेब म्हणाले.

"येतो, पन सावकाश. कौल निसटलं तर तुमच्या लोकांच्या डोक्यात बसंल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हरिचंद्र रोजच्यासारखाच उतरला. पाय वाशावर, भार हातांवर. एकही कौल फुटलं नाही. चड्डीवर, लाल धुळीने माखलेला, तो उभा राहिला. साहेबांनी हजेरी लिहिली, पुढची तारीख दिली.

दोन वर्षांनी निकाल हरिचंद्रच्या बाजूने लागला. जनू कुंपण काढायला आला, तेव्हा मी तिथे होतो. पहिला खांब त्याला हलेना. हरिचंद्र थोडा वेळ बघत राहिला. मग पहार घेऊन पुढे झाला.

"सरक. असा नाय निगायचा," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून खांब उपटले.