पाणी ओतू नका

नळजोडणीत आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मोरी तुंबल्याचा फोन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, मी येईपर्यंत पाणी ओतू नका." ताईंनी बादली ओतलेली असायचीच. मग पाइपात सळई घालता घालता तो त्यांची चांगली हजेरी घ्यायचा.

घरी दोन लेकरं. थोरला तान्हा असताना त्याच्या मूत्रपिंडातून लघवी उतरायची वाट अरुंद निघाली आणि ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा मिस्त्रीनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. "मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं," एवढं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, आणि मिस्त्रीनं मुलींना तिथल्या तिथे कायमची सूट देऊन टाकली. पुढे थोरल्याच्या कुशीवरचा व्रण पाहुण्यांना चहाआधी दाखवला जाई. त्याचा चेहरा जरा उतरला की लगेच सोनोग्राफी.

धाकटी शाळेत जायला लागली आणि तिचं पोट दुखू लागलं. उलट्याही व्हायच्या. घरात निदान झालं: शाळा नको म्हणून सोंग.

"दादाच्या हॉस्पिटलात एकदा दाखवू या ना," बायको म्हणाली.

"अगं, तो मुलग्यांचा आजार! ही पाणी पीत नाही, दुसरं काय?" तो तांब्या घेऊन लेकीसमोर उभा राहिला. "संपव. सगळं वाहून जाईल."

पाणी प्यायली की ती जास्तच कळवळायची. "नाटकं बघ कशी करते," तो कौतुकानं म्हणायचा.

एका दुपारी ती फरशीवर पांढरीफटक पडली. बायकोनं या वेळी त्याला काही विचारलं नाही. तिला उचललं आणि नेलं. तो मागाहून पोचला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर फुगलेलं मूत्रपिंड दाखवलं. भावाची अडली होती तीच वाट.

"ऑपरेशन करावं लागेल."

"व्रण दिसेल का हो? मुलीची जात आहे."

बाई म्हणाल्या, "मूत्रपिंड किती उरलंय, ते नाही विचारलंत? त्याचं निम्मं काम गेलंय, ते परत यायचं नाही. उरलेलं वाचवू. पाणी प्यायल्यावर जास्त दुखायचं का हिला?"

"हो," बायको म्हणाली.

"दुखणारच. पुढे वाट नाही आणि वरून पाणी येतंय."

इतकी वर्षं मिस्त्री दारोदार हेच ओरडत होता.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी नर्सनं त्याच्या हातात पेला दिला. "पाजा तिला, आता भरपूर पिऊ दे."

धाकटीनं पेल्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, दुखणार नाही ना?"

असल्या प्रश्नावर गिऱ्हाइकांना तो डोळे मिटून खात्री द्यायचा. आज त्यानं पेला खाली ठेवला आणि डॉक्टरबाईंना विचारायला गेला.